तकिटमधला ‘कि’ कुठे गेला?

इलेक्ट्रिक गिटार घेऊन तुम्हाला वर्षभर झालं असेल, बार कॉर्ड बऱ्यापैकी वाजत असतील, हॅमर-ऑन आणि पुल-ऑफ म्हणजे काय हे सांगावं लागत नसेल, तर पुढे वाचा. नसेल तर आधी डाव्या हाताकडे बघा. टॅपिंग (उजव्या हाताच्या बोटाने तार फ्रेटवर ठोकून सूर काढणं) बघताना सगळ्यांचं लक्ष उजव्या हाताकडे जातं, पण निम्म्याहून जास्त मजुरी डावाच करतो.

माझी सुरुवात बहुतेकांची होते तिथूनच झाली. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनचं १९७८ सालचं ‘इरप्शन’, जेमतेम पावणेदोन मिनिटांचं. त्यातल्या टॅपिंगचा टॅब (कुठली तार, कुठला फ्रेट हे आकड्यांत लिहिलेला कागद) मिळवला. दुसरी तार, डाव्या हाताने दुसरा आणि पाचवा फ्रेट, उजव्याने नववा. तीन सूर! कागदावर बघून मला हसूच आलं. आठवड्याभरात मी ते वाजवायलाही लागले. म्हणजे तसं मला वाटलं, आणि ते वाटणं पुढे आठ महिने टिकलं.

तेव्हा मी पुण्यात दोघींत एक खोली घेऊन राहत होते. रूममेट तबला शिकलेली, विशारदला बसलेली. तिला रॉकमधलं काही कळत नाही असं मी गृहीत धरलं होतं. एका रात्री अ‍ॅम्प बंद ठेवून मी नुसतीच गिटार वाजवत होते. ती भाजी निवडत होती. जरा वेळाने म्हणाली, “तू मनात काय म्हणतेस गं हे वाजवताना?”

“काही नाही. तीन-तीन सूर आहेत.”

“म्हणजे आमच्या तबल्याच्या बोलांत तकिट तकिट. मग मला त-ट, त-ट का ऐकू येतंय? तुझा कि कुठे गेला?”

मला रागच आला. मी अ‍ॅम्प लावला, डिस्टॉर्शन चढवलं आणि तेच पुन्हा वाजवलं. तिन्ही सूर खणखणीत. “आता आला,” ती म्हणाली, “पण आला कुठून?”

हा प्रश्न मला आठ महिन्यांत कुणीच विचारला नव्हता. पुढचं जरा लांबण लागेल, पण सगळं घोडं इथेच अडतं.

टॅपिंगचा नेहमीचा क्रम घ्या. उजव्या बोटाने बाराव्या फ्रेटवर ठोकायचं, ते बोट काढलं की पाचव्या फ्रेटचा सूर वाजायचा, मग डाव्या करंगळीने आठव्यावर हॅमर. त, कि, ट. ‘त’ला उजव्या बोटाचा जोर मिळतो, ‘ट’ला करंगळीचा. मधल्या ‘कि’ला स्वतःचा जोरच नाही. उजवं बोट तारेवरून कसं निघतं त्यावर तो जगतो. मी काय करत होते? बोट सरळ वर उचलत होते, तव्यावर चटका बसल्यावर उचलतो तसं. तार जिथल्या तिथे राहायची आणि आवाज जवळपास मेलेला. टॅप करणारं बोट निघताना तार छेडून गेलं पाहिजे. तार किंचित बाजूला ओढायची, मग सोडायची. दोन-तीन मिलिमीटरचं काम आहे. व्हिडिओत इतकं बारीक ओढणं दिसतच नाही, बोट वर-खाली होताना तेवढं दिसतं. व्हिडिओ अर्ध्या वेगाने लावून हे कळेल असं सांगणाऱ्यांवर म्हणूनच माझा विश्वास नाही. मी तो पाव वेगानेही पाहिला होता.

मग डिस्टॉर्शनमध्ये सगळं ऐकू कसं येतं? गेन, म्हणजे डिस्टॉर्शनची मात्रा, वाढवला की मोठ्या आवाजाचं डोकं छाटलं जातं आणि बारीक आवाज वर येतो. दोघे जवळजवळ एका उंचीचे दिसायला लागतात. तुमचा मेलेला ‘कि’ही त्यात उठून उभा राहतो, आणि तुम्हाला वाटतं आपण वाजवलं. पण तेच गेनचं काम बाकीच्या तारांच्या गुणगुणीलाही वर काढतं. घरच्या छोट्या अ‍ॅम्पवर ते चालून जातं. तासावर घेतलेल्या जॅम रूममध्ये, ड्रम चालू असताना, मोठ्या अ‍ॅम्पवर माझं टॅपिंग पहिल्यांदा वाजलं तेव्हा ड्रमर थांबला. त्याला वाटलं केबल गेली.

माझ्या पहिल्या सरांनी आठ महिन्यांत एकदाही गेन खाली आणून माझं वाजवणं ऐकलं नाही. फी मात्र दर महिन्याच्या एक तारखेला. शिकवणारा कोण आहे, कुठून शिकलाय हे विचारू नका, तो क्लीन टोनवर, म्हणजे डिस्टॉर्शनशिवाय, ऐकतो का तेवढं बघा. नसेल ऐकत तर दुसरा शोधा, अगदी आजच.

आता त्यावर केलं काय. गेन शून्य. डावी तर्जनी पाचव्या फ्रेटवर आधीच घट्ट, कारण ओढल्यावर सूर मिळायला तिथे बोट हवंच. मेट्रोनोम ५० वर. फक्त दोन सूर: ठोक, ओढ. ठोक, ओढ. दुसरा पहिल्याइतका मोठा येईपर्यंत तिसऱ्याला हात लावायचा नाही. मला सहा आठवडे लागले. तुम्हाला तीन लागतील, कारण मोडायला तुमच्याकडे आठ महिन्यांची वाईट सवय नाही. तिसरा सूर आल्यावर एक नवाच घोटाळा होतो. आठव्या फ्रेटवरची करंगळी पुढच्या टॅपच्या वेळी तिथेच बसून राहते, मग ओढल्यावर पाचव्याऐवजी आठवाच वाजतो. टॅप बसला की करंगळी उचलायची. बोलायला सोपं आहे, माझं अजूनही चुकतं.

ओढायचं कुठे? जमिनीच्या दिशेने ओढलंत तर बोट शेजारच्या बारीक तारेवर आपटतं. त्यासाठी डाव्या तर्जनीची खालची बाजू त्या तारेवर अलगद टेकलेली ठेवायची, म्हणजे ती गप्प राहते. जाड तारांवर उजव्या तळव्याची कड. छताकडे ढकलणारेही आहेत, त्यांचा हिशेब याच्या उलटा. कुठलीही एक दिशा धरा आणि महिनाभर बदलू नका.

तारांची गुणगुण मारायला पहिल्या फ्रेटजवळ केसांचा रबर किंवा कापडी पट्टा बांधतात. मोठमोठे वादक बांधतात, त्यात कमीपणा काही नाही. तार दाबलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंनी हलते, मागच्या तुकड्याचा आवाज तो पट्टा खातो. पण शिकताना पहिले काही महिने बांधू नका. हात म्यूट करायला शिकत नाही. माझ्या केसांचे तीन रबर या भानगडीत गेलेत.

बोट कुठलं वापरायचं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. एडी पिक अंगठा आणि मधल्या बोटात धरायचा, म्हणून तर्जनी मोकळी. मी नक्कल करायला गेले तर माझं साधं पिकिंगच बिघडलं. मी अंगठा-तर्जनीतच पिक धरते आणि मधल्या बोटाने टॅप करते. चालतं. टॅपिंग पहिलं कुणी केलं हा वाद तर त्याहून निरर्थक. जिमी वेब्स्टर नावाच्या गिटारवादकाने १९५२ मध्येच दोन्ही हातांनी तारा ठोकून वाजवायच्या पद्धतीवर पुस्तक काढलं होतं, आणि जेनेसिस बँडचा गिटारवादक स्टीव्ह हॅकेट १९७१ मध्ये टॅप करत होता. जॅझ गिटारवादक स्टॅन्ली जॉर्डन मात्र जरूर ऐका. तो सगळ्या तारा एकमेकींपासून चौथ्या सुराच्या (सा ते म) अंतराने लावतो आणि दोन्ही हातांनी पियानोसारखा वाजवतो. ऐकून निराश व्हाल, पण दोन दिवसच.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत. मनगटाच्या आत किंवा कोपरापर्यंत दुखायला लागलं तर त्या दिवशी गिटार खाली ठेवा. “दुखतंय म्हणजे जमतंय” असं सांगणारा भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. बोटाच्या टोकाचं दुखणं वेगळं, ते घट्टे पडले की जातं. माझं मनगट दुखायचं त्याचं निम्मं कारण फ्रेटपासून तारांची उंची निघालं. बाराव्या फ्रेटवर तीन मिलिमीटरच्या आसपास होती, दुरुस्तीवाल्याने ती दीडवर आणून दिली आणि मी दुकानातच दोन मिनिटं टॅप करत बसले. आधी हे करून घ्या, मग स्वतःच्या हातांना शिव्या द्या.

आता मी आठवड्यातून दोनदा फोनवर क्लीन टोनमध्ये तीस सेकंद रेकॉर्ड करते आणि रूममेटला पाठवते. तिचं लग्न होऊन ती आता नागपूरला असते. परवा तिसऱ्या आणि चौथ्या तारेवरचं पाठवलं होतं. उत्तर आलं: “तिसरीवर तकिट. चौथीवर परत त-ट.”