लायसन्सच्या अर्जात मानसिक आजाराचं किती सांगायचं?

सातारा, कराड, सांगली, कुठल्याही आरटीओबाहेर मानसोपचार घेणाऱ्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "सगळीकडे 'नाही'वर टिक मारा आणि मोकळे व्हा." दुसरा, "उपचारांची फाईल जोडूनच टाका, नंतर लफडं नको." दोन्ही चुकीचे. अर्जात तुमच्या मानसिक आजाराचं निदान विचारलेलंच नसतं. प्रश्नांचा रोख तुमच्या गाडी चालवण्याने लोकांना धोका आहे का, यावर असतो.

अर्ज सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी संकेतस्थळावर, शक्यतो घरूनच भरा. आधार, पत्ता, फी यात अवघड काही नाही.

माणूस अडतो तो फॉर्म 1 पाशी. हे आपल्या तब्येतीबद्दलचं स्वतःचं घोषणापत्र. पुष्कळ एजंट ते न विचारताच भरतात आणि सही तेवढी घेतात. सही करण्याआधी प्रत्येक उत्तर स्वतः वाचा. खोटी माहिती देऊन मिळवलेलं लायसन्स मोटार वाहन कायद्याच्या कलम 19 खाली रद्द होऊ शकतं, आणि सही तुमची असते, एजंटची नाही.

यातला पहिला प्रश्न मिरगी, अचानक शुद्ध हरपणं किंवा कुठल्याही कारणाने येणाऱ्या चकरेचा आहे. 'कुठल्याही कारणाने' हे शब्द सोडू नका. पॅनिक अटॅकमध्ये डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्यावर फिट आली असेल, तर ते इथेच येतं. हे लपवायचं नाही.

शेवटचा प्रश्न सगळ्यांना गोंधळात टाकतो: तुमच्या वाहन चालवण्यामुळे जनतेला धोका होईल असा दुसरा एखादा आजार किंवा अपंगत्व आहे का, असल्यास तपशील द्या. लोक घाबरून 'आजार आहे का' एवढंच वाचतात आणि तपशिलाच्या रकान्यात गोळ्यांची नावं उतरवतात. प्रश्न धोक्याचा आहे. नैराश्य, चिंता, ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होणं), अगदी बायपोलर (कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाची उदासी) असला, तरी आजार आटोक्यात आहे, गोळ्या नियमित चालू आहेत आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही असं सांगितलंय, तर 'नाही' हेच खरं उत्तर. त्यात लपवाछपवी नाही. उलट भास होत असतील, मेनिया (टोकाच्या उत्साहाची अवस्था) सुरू असेल, जीव द्यावासा वाटत असेल किंवा दिवसा गुंगी राहत असेल, तर अर्ज पुढे ढकला आणि आधी उपचार घ्या. लायसन्स आधीच खिशात असलं तरी अशा अवस्थेत जाणूनबुजून गाडी चालवणं कलम 186 खाली गुन्हा आहे.

हा निवाडा एकट्याने करू नका. अर्जाआधी मानसोपचारतज्ज्ञांना थेट विचारा, "या गोळ्यांवर मी गाडी चालवू का?" क्लोनाझेपाम, क्वेटियापिन, मिर्टाझापिन अशी झोप आणणारी गोळी रात्री उशिरा घेतली तर सकाळीही सुस्ती उरते. गोळी नवी असताना किंवा डोस बदलल्यावर पहाटे खंबाटकी घाट उतरायला निघू नका.

डॉक्टरांकडून एका वाक्याची चिठ्ठी घ्या: "अर्जदार सध्या दुचाकी व हलके मोटार वाहन चालवण्यास योग्य आहे." त्यावर तारीख, सही, नोंदणी क्रमांक हवा. निदान नको, औषधं नकोत. आणि ही चिठ्ठी अर्जाला जोडू नका, घरीच ठेवा. मजकुरात काही नसलं तरी लेटरहेडवरचा 'मानसोपचारतज्ज्ञ' हा शब्द सगळं सांगून जातो. कार्यालयाने लेखी मागितली तरच द्या.

चाळिशी उलटली असेल किंवा रिक्षा, ट्रक यांसारख्या वाहतूक वाहनाचं लायसन्स हवं असेल, तर डॉक्टरांचा फॉर्म 1ए लागतो. त्यात मुख्य भर नजर, ऐकू येणं, हात-पाय, सांधे यांवर असतो. त्या डॉक्टरांनी औषधांबद्दल विचारलं तर खरं सांगा, फाईल मात्र हातात देऊ नका.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 23 नुसार उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेचं बंधन आहे. दुसऱ्याच्या जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद सोडले, तर तुमची माहिती परस्पर बाहेर देता येत नाही. पण झेरॉक्सच्या दुकानदारावर हे बंधन नाही, आणि गावात बातमी फुटते ती बहुधा अशाच ठिकाणी. तिथे कागद अपलोड केलेत तर उठण्याआधी डाउनलोड्स आणि रिसायकल बिन रिकामं करा, व्हॉट्सअ‍ॅप वेब लॉगआउट करा. कागद दुकानदाराच्या नंबरवर पाठवूच नका.

खिडकीवर कुणी "मानसिक पेशंटला लायसन्स मिळत नाही" म्हणालं तर वाद घालू नका, नकार लेखी मागा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 17 प्रमाणे कारणांसह लेखी आदेश द्यावाच लागतो आणि तो मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं. घरी ठेवलेली चिठ्ठी त्या अपिलाला जोडा.