शस्त्रक्रियेचे थेट चित्र अडखळत होते : माझा अनुभव

वाशीतील एका रुग्णालयातून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे चित्र नागपूरच्या ज्येष्ठ सर्जनांना थेट दाखवायचे होते. वेगचाचणीत लाइन उत्तम दिसे, तरीही चित्र मधूनच गोठे. सर्जन ‘थांबा, जरा डावीकडे’ म्हणेपर्यंत इकडे चिमटा पुढे सरकलेला असे. एन्कोडर (चित्र आकाराने लहान करून पाठवणारे यंत्र) ते आरटीएमपी या थेट प्रसारणाच्या पद्धतीने पाठवत होता. आरटीएमपी टीसीपीवर, म्हणजे डेटा क्रमानेच पोहोचवणाऱ्या नियमांवर, चालते आणि तिथे एक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) हरवले, की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी खोळंबतात. म्हणून एसआरटी ही दुसरी पद्धत घेतली : ती यूडीपीवर, म्हणजे पोहोच न तपासता पॅकेटे पाठवणाऱ्या नियमांवर, चालते, हरवलेले पॅकेट ठरलेल्या मुदतीतच पुन्हा मागवते आणि मुदत टळली की सोडून देते. पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंदांच्या आसपास असल्याने लेटन्सी, म्हणजे ही मुदत, त्याच्या चौपट, म्हणजे १२० मिलिसेकंद ठेवली.

तरी दुपारी त्रास उरलाच. सीटी स्कॅनच्या जड फाइली वर चढू लागल्या, की राउटरमध्ये रांग लागे (साधी वेगचाचणी हे बहुधा सांगत नाही). राउटरवर व्हिडिओला अग्रक्रम दिला, बिटरेट (दर सेकंदाला पाठवला जाणारा डेटा) अपलोडच्या वेगाच्या निम्म्याखाली आणला आणि कीफ्रेम (संपूर्ण चित्र असलेली फ्रेम) दर सेकंदाला ठेवली, म्हणजे बिघडलेले चित्र लगेच सावरते. बोलणे मात्र साध्या फोनवरच ठेवले. चित्र गेले तरी ‘थांबा’ ऐकू आलेच पाहिजे.