हरिकेनच्या मोसमाआधी अटलांटिक बघायला शिकताना

अटलांटिकमधला हरिकेनचा, म्हणजे तिथल्या तीव्र चक्रीवादळांचा, मोसम कागदावर १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. हवामानशास्त्र शिकायला अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्याकडे येणारी आपली मुलं मला विचारतात, समुद्र बघायला सुरुवात कधी करायची? माझं उत्तर ठरलेलं आहे : एप्रिल संपत आला की, आणि रोज. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकामागून एक वादळं येतात, तेव्हा शिकायला सवड मिळत नाही. मे महिन्यात बहुतेक दिवस काहीच घडत नाही. ते का घडलं नाही हे रोज स्वतःला नीट सांगता येणं, यातच या कामाचं खरं शिक्षण आहे.

मी ह्यूस्टनमध्ये ऊर्जाक्षेत्रातल्या एका कंपनीत हवामानाचं काम करते. पुण्यात भौतिकशास्त्र शिकले, मग इथे येऊन एमएस केलं. कोकणातली असल्यामुळे मे महिन्यातलं वादळ मला नवं नव्हतं, पण तिकडचा अंदाज इकडे तसाच लावून चालत नाही. अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात वादळांचे दोन हंगाम असतात, एक मान्सूनच्या आधी आणि एक नंतर. मधल्या काळात मान्सूनचे खालचे आणि वरचे वारे उलटसुलट दिशांनी इतक्या जोरात वाहतात की वादळाला उभंच राहता येत नाही. म्हणून तौक्ते मे २०२१ मध्ये आलं आणि निसर्ग ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं. अटलांटिकचं शिखर मात्र एकच, १० सप्टेंबरच्या आसपास. आपल्याकडे मे हा भर हंगाम, इथे ती नुसती सुरुवात.

तरीही ती सुरुवात दुर्लक्ष करण्यासारखी नाही. २०१५ ते २०२१ अशी सलग सात वर्षं १ जूनच्या आधीच नाव देण्याइतकं जोरदार कुठलं ना कुठलं वादळ झालं. २०२० मध्ये तर मे महिन्यातच आर्थर आणि बर्था अशी दोन झाली. बर्थाला २७ मेच्या सकाळी नाव मिळालं आणि त्याच सकाळी ते साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर चढलं. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर आपला नेहमीचा उष्णकटिबंधीय अंदाज २०२१ पासून १५ मेपासूनच देऊ लागलं आहे. तो दिवसातून चार वेळा येतो आणि पुढच्या सात दिवसांचा असतो. नकाशावर पिवळा रंग म्हणजे वादळ तयार होण्याची शक्यता ४० टक्क्यांहून कमी, नारिंगी म्हणजे ४० ते ६०, लाल म्हणजे त्याहून जास्त. हा नकाशा जरूर बघा, पण आपलं मत वहीत उतरवल्यानंतर. आधी उत्तर बघितलं की डोळे शोधणं थांबवतात.

नजर कुठे ठेवायची? आफ्रिकेकडे नाही. तिथून येणाऱ्या हवेतल्या लाटा, म्हणजे कमी दाबाचे सरकते पट्टे, मेपासून समुद्रावर उतरू लागतात, पण सहाराची कोरडी, धुळीची हवा आणि थंड पाणी यांत बहुतेक विरून जातात. मे-जूनमध्ये बघायच्या जागा म्हणजे पश्चिम कॅरिबियन, मेक्सिकोचं आखात आणि बहामाच्या उत्तरेचा समुद्र. बहामाकडे बहुधा उत्तरेतून आलेली एखादी फ्रंट, म्हणजे थंड आणि उबदार हवेमधली सीमा, रेंगाळते, तिच्या टोकाशी कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि गल्फ स्ट्रीम या समुद्रप्रवाहाच्या ऊबदार पाण्यावर दोन-तीन दिवसांत त्याचं रूप पालटतं. अशा वादळाला मायामीकडून पूर्वसूचनेचा अवधी फार कमी मिळतो, त्यामुळे उपग्रहाची चित्रं एकामागून एक बघायची सवय इथेच लागते.

कॅरिबियनचा प्रकार वेगळा, आणि माझ्या मते जास्त शिकवणारा. मध्य अमेरिकेवर हजार-दीड हजार किलोमीटर रुंदीचं एक ढिलं, संथ चक्राकार अभिसरण तयार होतं. त्याला सेंट्रल अमेरिकन जायर म्हणतात. त्याला नेमकं केंद्र नसतं. कडेकडेने पावसाचे ढग उसळतात आणि त्यातल्या एखाद्या गाठीतून वादळ होतं, कधी पॅसिफिकच्या बाजूला तर कधी अटलांटिकच्या. २०२० च्या मे अखेरीस पॅसिफिकमधलं अमांडा ग्वाटेमालात शिरून विरलं, त्याच्या उरलेल्या अवशेषांतून आखातात क्रिस्टोबल जन्मलं आणि ७ जूनला लुइझियानात पोचलं. तो पंधरवडा जुन्या उपग्रह-चित्रांत पुन्हा लावून बघा. पुस्तकातली बरीच पानं त्यात एकत्र दिसतात.

या जायरवरच जीएफएस हे अंदाज काढणारं अमेरिकी संगणकी मॉडेल नवख्या माणसाला फसवतं. मे महिन्यात पश्चिम कॅरिबियनमध्ये, दहा-बारा दिवसांनंतरच्या तारखेला, ते वरचेवर मोठं हरिकेन काढून दाखवतं. तो नकाशा समाजमाध्यमांवर फिरतो आणि घरून फोन येतात. तेव्हा एकच गोष्ट तपासा : वादळाची तारीख रोज एक दिवस जवळ येते आहे, की कायम दहा दिवस लांबच आहे? लांबच राहत असेल तर त्याच्या मागे धावू नका. मॉडेलने एकदा काढलेल्या अंदाजावर विसंबण्याऐवजी एन्सेम्बल, म्हणजे थोड्या वेगळ्या सुरुवातींतून काढलेल्या अनेक अंदाजांचा संच, बघा; युरोपीय मॉडेलच्या संचातले अंदाज काय म्हणतात ते बघा. आणि मग मॉडेल बाजूला ठेवून विंड शिअर बघा. खालच्या आणि वरच्या वाऱ्यांत २० नॉटहून जास्त फरक असेल तर ढगांचा मनोरा तिरका होतो, केंद्र उघडं पडतं. समुद्राचं तापमान २६.५ अंशांच्या वर असणं ही साधारण पहिली अट. कॅरिबियनमध्ये ती मे महिन्यात आधीच पुरी झालेली असते, त्यामुळे मे महिन्यात बहुतेक वेळा निकाल शिअरच लावतं.

एक दुवा आपल्या समुद्रापर्यंत जातो. मॅडन-ज्युलियन ऑसिलेशन हा ढगांचा आणि वाऱ्यांचा मोठा पट्टा ३० ते ६० दिवसांत विषुववृत्ताभोवती पूर्वेकडे फिरतो. तो हिंदी महासागरावर असताना आपल्याकडे वादळांना बळ मिळतं. पुढे पॅसिफिक ओलांडून त्याचा प्रभाव मध्य अमेरिकेपर्यंत आला की इथेही वादळांना अनुकूल दिवस येऊ लागतात. म्हणून मी मे महिन्यात भारतीय हवामान खात्याची चक्रीवादळाची पत्रकंही वाचते. आपल्या मुलांना ही सवय सहज लागू शकते, त्यांनी ती सोडू नये.

हरिकेनच्या अख्ख्या मोसमात किती वादळं होतील, या एप्रिलमध्ये येणाऱ्या भाकितांवर मात्र फार वेळ घालवू नका. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात विल्यम ग्रे यांनी १९८४ मध्ये ती पद्धत सुरू केली. विमा कंपन्यांना ती हवी असते आणि तिचं शास्त्रही पक्कं आहे. पण १९९२ चा मोसम शांत होता, पहिलं नाव ऑगस्टच्या मध्याला दिलं गेलं, आणि ते दक्षिण फ्लोरिडा उद्ध्वस्त करणारं अँड्र्यू होतं. एका किनाऱ्याला एक वादळ पुरतं.

वाऱ्याच्या श्रेणीवरून महत्त्व ठरवण्याची सवयही लवकर मोडा. ह्यूस्टनमध्ये जून २००१ मधली अ‍ॅलिसन अजून लोकांच्या तोंडी आहे. ती कधीच हरिकेन झाली नाही. किनाऱ्यावर येऊन रेंगाळली, परत फिरली, आणि बंदराच्या भागात एकूण ९४० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. टेक्सस मेडिकल सेंटरची तळघरं भरली, रुग्णालयांची वीज गेली. हरिकेन न होताही तिचं नाव वादळांच्या नावांच्या यादीतून कायमचं काढलं गेलं. सुरुवातीच्या मोसमातली वादळं बहुधा अशीच असतात : विस्कळीत, एका बाजूला झुकलेली, पावसाने भरलेली. ढगांचा जोर केंद्रापासून किती दूर आणि कुठल्या बाजूला आहे, हे रोज लिहून ठेवा.

त्या वहीबद्दल शेवटचं. रोज सकाळी चार ओळी : काय दिसतं, काय आडवं येतं, पाच दिवसांत काय होईल, किती टक्के. आठवड्याने खाली निकाल लिहा. पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिणं, नकाशे काढणं हे सगळं शिकताच येतं, पण नोकरीच्या मुलाखतीत आम्ही विचारतो ते वेगळं असतं : या चित्रात तुला काय दिसतं, आणि तुझी खात्री किती? राष्ट्रीय हवामान सेवेच्या नोकऱ्यांना साधारणपणे अमेरिकी नागरिकत्व लागतं, त्यामुळे आपल्या मुलांनी सुरुवातीपासून ऊर्जा, जहाजवाहतूक आणि पुनर्विमा या क्षेत्रांकडे बघावं. तिथे अर्ज करताना मे आणि जूनची पानं सोबत जोडा, चुकलेल्या अंदाजांसकट.