बायोस अपडेट फसलं, लॅपटॉप उठत नाही: आता काय करायचं?

पॉवरचं बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा जोरात घरघरतो, पण स्क्रीन काळीच. ना लोगो, ना कर्सर. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालून लॅपटॉप सुरू करणारा छोटा प्रोग्राम. त्याचं अपडेट मध्येच तुटलं की लॅपटॉप असा बसतो आणि पहिला विचार येतो, मदरबोर्ड गेला. बहुतेक वेळा त्याला काहीही झालेलं नसतं. बोर्डावर आठ पायांची एक इवलीशी फ्लॅश चिप असते, जुन्या लॅपटॉपमध्ये साधारण ४, ८ किंवा १६ एमबीची. तिच्यातला मजकूर अर्धवट लिहिला गेलाय, आणि तो पुन्हा लिहिता येतो.

त्याच चिपमध्ये बूट ब्लॉक नावाचा छोटा भाग असतो. नेहमीचं अपडेट सहसा त्याला हात लावत नाही. बाकीचा बायोस खराब आहे असं दिसलं, की हा बूट ब्लॉक पेन ड्राइव्हवर चांगली फाइल शोधतो. आपलं काम एवढंच, की ती फाइल त्याला कळेल अशा नावाने, त्याला दिसेल अशा जागी ठेवायची. म्हणून आधी पेन ड्राइव्ह. स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

१. आधी हात आवरा

काळी स्क्रीन दिसली म्हणजे अपडेट फसलंच, असं नाही. काही मॉडेल अपडेटदरम्यान दोन-तीन वेळा आपोआप रीस्टार्ट होतात, आणि त्यानंतरच्या पहिल्या सुरुवातीला रॅमची जुळवणी नव्याने होते. त्यात काही मिनिटं जातात. पंखा चालू असेल तर अॅडॅप्टर लावलेलाच ठेवा आणि किमान अर्धा तास दुसरं काही काम करा. पाचव्या मिनिटाला धीर सुटून बटण दाबलं, की चांगलं चाललेलं अपडेटही खरंच मोडतं.

अर्ध्या तासानंतरही हालचाल नसेल तर अॅडॅप्टर काढा, बॅटरी काढा (ती आत असेल तर खालचं झाकण उघडून तिचा कनेक्टर सोडवा) आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. मग फक्त अॅडॅप्टर लावून सुरू करून बघा.

२. बायोसच बिघडलाय ना?

दिव्यांची उघडझाप मोजा. एचपीच्या अनेक जुन्या लॅपटॉपवर कॅप्स लॉकचा दिवा दोनदा लुकलुकून थांबत असेल तर बायोस बिघडलाय. तीनदा लुकलुकला तर रॅम बघायची. डेलच्या बऱ्याच मॉडेलवर दोनदा केशरी आणि मग दोनदा पांढरा दिवा म्हणजे बायोस. तुमच्या मॉडेलचा तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडतो.

नाण्यासारखा सेल काढून ठेवा, हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देणारच. तो सेल घड्याळ आणि सेटिंग सांभाळतो. बायोसचा कोड फ्लॅश चिपमध्ये विजेशिवायही टिकतो, त्यामुळे सेल काढल्याने बिघडलेला कोड सुधारत नाही. एखादी सेटिंग चुकली असेल तर मात्र उपयोग होतो, आणि काढून बघायला हरकत काहीच नाही.

३. पेन ड्राइव्ह तयार करा

दुसऱ्या कॉम्प्युटरवर निर्मात्याच्या सपोर्ट पानावरून फाइल उतरवा. लॅपटॉपच्या खालच्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल नंबर टाका. स्क्रीनच्या चौकटीवर छापलेलं मालिकेचं नाव पुरेसं नसतं, कारण एकाच मालिकेत वेगवेगळे बोर्ड असतात. आधी चालत होती तीच आवृत्ती मिळाली तर उत्तम.

पेन ड्राइव्ह ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्या आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. बूट ब्लॉक फार मर्यादित असतो: त्याला एनटीएफएस आणि एक्सफॅट हे फॉरमॅटचे दुसरे प्रकार बहुधा वाचता येत नाहीत, आणि जुन्या मशीनवर निळं यूएसबी ३ पोर्टही कधी कधी दिसत नाही. मी स्वतः एकदा दोन संध्याकाळी ६४ जीबीच्या एक्सफॅट ड्राइव्हवर वाया घालवल्या. कपाटाच्या तळाशी पडलेला ४ जीबीचा जुना ड्राइव्ह साध्या यूएसबी २ पोर्टला लावला, तेव्हा पहिल्याच प्रयत्नात काम झालं. त्याच्यावर दिवा होता, हा आणखी एक फायदा. स्क्रीन काळी असताना फाइल वाचली जातेय की नाही, हे सांगणारं दुसरं काही नसतं.

एचपीची अपडेट फाइल चालवली की तीच रिकव्हरी ड्राइव्ह बनवण्याचा पर्याय देते. त्यातली नावं आणि फोल्डर बदलू नका. डेलच्या ज्या मॉडेलना रिकव्हरीची सोय आहे, त्यांच्यासाठी उतरवलेल्या फाइलचं नाव बदलून ‘बायोस अंडरस्कोर आयएमजी’ आणि पुढे ‘डॉट आरसीव्ही’ असं इंग्रजी अक्षरांत करायचं. इतर बऱ्याच ठिकाणी इएक्सई फाइल सेव्हन-झिप या फाइल उघडणाऱ्या प्रोग्रामने उघडून आतली, नावाच्या शेवटी रॉम, बिन किंवा एफडी असलेली बायोसची फाइल काढावी लागते, आणि तिला कोणतं नाव द्यायचं ते मॉडेलनुसार ठरतं. नावात एक अक्षर चुकलं तरी बूट ब्लॉक ढिम्म हलत नाही.

४. कळा दाबा

एचपी: लॅपटॉप बंद, पेन ड्राइव्ह आणि अॅडॅप्टर लावलेला. विंडोज आणि बी या कळा धरून ठेवा, पॉवरचं बटण दोन-तीन सेकंद दाबून सोडा, पण त्या दोन कळा सोडू नका. बीप ऐकू येईपर्यंत किंवा स्क्रीनवर काही उमटेपर्यंत पाऊण मिनिट लागू शकतं. जमलं नाही तर बी ऐवजी व्ही.

डेल: साधारण २०१६ पासूनच्या मॉडेलवर अॅडॅप्टर काढून लॅपटॉप बंद करा. कंट्रोल आणि एस्केप धरून ठेवा, तसंच अॅडॅप्टर लावा, आणि रिकव्हरीचा पडदा आला की कळा सोडा.

एसरच्या अनेक जुन्या मॉडेलवर एफएन आणि एस्केप, तर एएमआय या कंपनीच्या जुन्या बायोसवर कंट्रोल आणि होम. एकदा झालं नाही म्हणून सोडून देऊ नका. पोर्ट बदला, ड्राइव्ह बदला. ड्राइव्हचा दिवा लुकलुकू लागला की जीव भांड्यात पडतो, पण तेव्हाच हात सगळ्यात लांब ठेवायचे. लिहून झाल्यावर लॅपटॉप बहुधा स्वतःच रीस्टार्ट होतो.

५. बूट ब्लॉकही गेला असेल तर

मग चिपवर बाहेरून लिहावं लागतं. त्यासाठी यूएसबी प्रोग्रामर (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून चिप वाचणारं-लिहिणारं छोटं उपकरण) आणि चिपला पकडणारी आठ पायांची क्लिप लागते. हाताला सवय नसेल तर चिप पातळीवर दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. घाईत केलं तर आगीतून फुफाट्यात जाल.

करणारच असाल तर अॅडॅप्टर, बॅटरी आणि तो नाण्यासारखा सेल, तिन्ही काढा. चिपवरचा नंबर भिंगातून वाचा. उदाहरणार्थ, २५क्यू६४ या नंबरातले ६४ हे मेगाबिट आहेत, म्हणजे ८ एमबी. काही चिप ३.३ व्होल्टच्या, काही १.८ व्होल्टच्या, चिपची डेटाशीट (निर्मात्याचं माहितीपत्रक) बघितल्याशिवाय तार जोडू नका. सीएच३४१ए चिप असलेल्या काळ्या, स्वस्त प्रोग्रामरपैकी बऱ्याच बोर्डांवर डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, तेही तपासा. क्लिपची लाल तार चिपवरच्या ठिपक्याकडे.

लिहिण्याआधी जुना मजकूर दोनदा वाचून दोन फाइलींत जतन करा आणि त्या तंतोतंत जुळतात का बघा. जुळत नसतील तर क्लिप नीट बसलेली नाही. ही प्रत फार मोलाची आहे: लॅपटॉपचा सीरियल नंबर, विंडोजची की, कधी नेटवर्कचा पत्ताही याच चिपमध्ये असतो. दुसऱ्याच्या लॅपटॉपमधून काढलेली पूर्ण फाइल तशीच लिहिली, तर त्याची ओळख तुमच्या मशीनला चिकटते. नव्या फाइलचा आकार चिपएवढाच हवा, ८ एमबीला नेमके ८३,८८,६०८ बाइट. निर्मात्याची फाइल लहान असेल तर त्यात बहुधा फक्त बायोसचा भाग आहे. तो तुमच्या जुन्या प्रतीतल्या त्याच जागी, सहसा शेवटाला, बसवावा लागतो. मग चिप पुसा, लिहा, पडताळा.

६. स्क्रीन उजळल्यावर

लगेच विंडोजकडे धावू नका. आधी बायोस सेटअपमध्ये जाऊन डिफॉल्ट सेटिंग लोड करा, तारीख लावा. मग बूट मोड (विंडोज सुरू करण्याची पद्धत) पूर्वी यूईएफआय होता की लेगसी, आणि साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) एएचसीआय होता की रेड, ते आठवून तसंच ठेवा. हे बदललं तर डिस्क ठणठणीत असूनही विंडोज सुरू होत नाही, आणि माणूस उगाच डिस्क फॉरमॅट करून बसतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं संरक्षण) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाईल. ती अनेकदा मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते, तिथे फोनवरून बघता येते.