जुन्या संगणकावर वेब सर्व्हर चालत नसेल तर तपासणी कशी करावी

जिंतूर तालुक्यातील एका शाळेत ग्रंथालयाची सूची आणि प्रश्नपत्रिकांचा संच सगळ्या वर्गांतून पाहता यावा म्हणून वेब सर्व्हर (इतर संगणकांना वेबपाने पुरवणारा संगणक) बसवायचे ठरले. त्यासाठी कपाटामागे पडून असलेला, कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा आणि 2 जीबी रॅमचा संगणक बाहेर काढला. अल्मालिनक्स 9 ही लिनक्स प्रणाली बसवायला घेतली, तर पडद्यावर अक्षरांचा लोंढा येऊन यंत्र गोठत होते. मी पेनड्राइव्ह तीन वेळा नव्याने तयार केला आणि रॅमच्या पट्ट्या खोडरबराने पुसून पाहिल्या. मात्र त्या लोंढ्यातली एक ओळ वाचायला चौथा प्रयत्न लागला. प्रोसेसर ‘एक्स86-64-व्ही2’ला, म्हणजे 64-बिट प्रोसेसरांच्या सूचनांच्या दुसऱ्या पातळीला, आधार देत नाही, असे तिथे सरळ लिहिलेले होते. म्हणून तपासणीची सुरुवात प्रोसेसरपासून करावी. सर्व्हरच्या सेटिंग्जला त्यानंतरच हात लावावा.

आधीपासून लिनक्स असेल किंवा पेनड्राइव्हवरून ते तात्पुरते सुरू करता येत असेल, तर टर्मिनलमध्ये रोमन लिपीत एल-एस-सी-पी-यू ही पाच लहान अक्षरे लिहून एंटर दाबावे. येणाऱ्या माहितीत प्रथम ‘सीपीयू ऑप-मोड’ ही ओळ पाहावी. तिथे केवळ 32-बिट असे असेल, तर पर्याय फार थोडे उरतात : उबंटू आणि डेबियन या लिनक्स प्रणालींपैकी उबंटूने 32-बिट संगणकांसाठी स्वतंत्र आवृत्ती देणे केव्हाच थांबवले आहे, आणि 2023 मधील डेबियन 12 नंतर, म्हणजे 2025 च्या डेबियन 13 पासून, डेबियननेही 32-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर व कर्नल (प्रणालीचा गाभा) देणे बंद केले. अशा यंत्रावर डेबियन 12 बसवावे.

64-बिट असे दिसले म्हणजे काम झाले, ही समजूत मात्र सोडून द्यावी, कारण खरी गफलत इथेच होते. प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांचा संच वर्षागणिक वाढत गेला असून नवी सॉफ्टवेअर त्यांतील नंतरच्या सूचना गृहीत धरून तयार केली जातात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 9 आणि त्यावर आधारलेल्या अल्मा व रॉकी या प्रणालींना एसएसई 4.2 हा सूचनांचा गट लागतो, आणि कोअर टू ड्युओमध्ये तो नाही. मोंगोडीबी या डेटाबेसच्या अधिकृत 5.0 आवृत्तीपासून एव्हीएक्स हा आणखी एक गट लागतो. तो इंटेलमध्ये 2011 च्या सुमाराच्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरपासून आला, पण त्या काळच्या स्वस्त पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये दिला गेला नाही. त्यामुळे ‘फ्लॅग्ज’ या शीर्षकापुढील लांबलचक ओळीत एसएसई4_2 आणि एव्हीएक्स ही नावे आहेत की नाहीत, हे नीट शोधावे. एखादा प्रोग्राम सुरू होताक्षणी ‘इलिगल इन्स्ट्रक्शन’ एवढेच म्हणून बंद पडत असेल, तर बहुधा हेच कारण असते आणि त्यावर कोणतेही सेटिंग चालत नाही. जुनी आवृत्ती किंवा दुसरे सॉफ्टवेअर निवडावे लागते. आमच्या यंत्रावर डेबियन विनातक्रार बसले, कारण त्याची 64-बिट आवृत्ती अगदी सुरुवातीच्या 64-बिट प्रोसेसरांवरही चालते.

यानंतर तारीख पाहावी. शाळा सुटताना मेन स्विच बंद करायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि त्यात भारनियमनाची भर. वीज नसताना घड्याळाचा सगळा भार मदरबोर्डवरील सीआर 2032 या बटणाएवढ्या सेलवर पडतो आणि तो लवकर उतरतो. मग संगणक सकाळी उठतो तो दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या तारखेला. अशा वेळी पॅकेज (सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे) उतरवताना ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ या अर्थाचा संदेश येतो, आणि सर्व्हरने बाहेर केलेल्या सुरक्षित जोडण्या प्रमाणपत्र चुकीचे ठरवून तुटतात. दोष इंटरनेटचा वाटतो, असतो सेलचा. सेल बदलून बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंग्जच्या पडद्यावर) तारीख बरोबर करावी.

सर्व्हर सुरू होतो, पण वर्गातील मुलांनी एकदम पान उघडले की यंत्र गुदमरते, अशी तक्रार असेल तर ती बहुधा रॅमची असते. अपाचे हे वेब सर्व्हरचे सॉफ्टवेअर प्रीफोर्क पद्धतीने चालत असेल तर प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रक्रिया लागते, आणि डेबियनमध्ये अशा प्रक्रियांची कमाल मर्यादा मुळात 150 असते. समजा पीएचपीसह (वेबपाने तयार करणाऱ्या भाषेसह) एक प्रक्रिया 40 एमबी घेते आणि डेटाबेस व इतर कामे वजा जाता 1,000 एमबी शिल्लक राहते, तर भागाकार 25 येतो. अपाचेच्या सेटिंग्जमधील ‘मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स’ या ओळीत तेवढाच, शक्यतो त्याहून थोडा कमी आकडा लिहावा. बाकीच्यांना क्षणभर थांबावे लागेल, पण हार्ड डिस्कवरील स्वॅपमध्ये (रॅम अपुरी पडल्यावर वापरल्या जाणाऱ्या संथ जागेत) सगळेच अडकून पडण्यापेक्षा ते परवडते. केवळ स्थिर पाने द्यायची असतील तर एन्जिनएक्स हे दुसरे सर्व्हर सॉफ्टवेअर घ्यावे. ते थोड्याच प्रक्रियांत अनेक जोडण्या सांभाळते.

वेब सर्व्हर ज्या दारातून जोडण्या घेतो ते 80 क्रमांकाचे पोर्ट आधीच दुसऱ्या प्रोग्रामने धरले आहे का, हे एस-एस या आज्ञेने दिसते. त्यात वेळ जात नाही.

एवढे करूनही दुपारीच यंत्र बंद पडत असेल, तर झाकण उघडावे. मे महिन्यात परभणीकडे पारा चाळिशीपार जातो, आणि प्रोसेसरवरील पंख्याखाली धुळीचा थर बसलेला असेल तर यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी आधी मंदावते व मग बंद होते. वायर काढून, पंखा बोटाने धरून धूळ ब्रशने झाडावी आणि वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी.