एचआयव्ही प्रतिबंधाच्या चाचण्यांमध्ये लोकांसोबत काम करायचं असेल तर

समाजकार्याची पदवी घेऊन किंवा एखाद्या संस्थेत काही वर्षं काढून लोक या कामात येतात, तेव्हा बहुतेकांची समजूत एकच असते: एचआयव्ही टाळणारं औषध किंवा लस तपासणाऱ्या चाचणीसाठी माणसं मिळवून द्यायची. मुलाखतीतही बऱ्याचदा तेच विचारलं जातं, महिन्याला किती जण आणाल? शक्य असेल तर भरतीची जबाबदारी दुसऱ्या कुणावर असेल अशीच जागा निवडा. आकडा गाठणं आणि 'नको वाटलं तर खुशाल नाही म्हणा' हे सांगणं, दोन्ही एकाच माणसाकडे आलं की महिनाअखेरीला दुसरं वाक्य पुटपुटल्यासारखं येतं.

लोकांचं म्हणणं संशोधकांपर्यंत पोचवायचं हे काम मुळात का सुरू झालं ते आधी वाचून घ्या. 2004 साली कंबोडियात टेनोफोव्हिर या एचआयव्हीवरच्या औषधाची गोळी एचआयव्ही टाळते का, हे देहविक्री करणाऱ्या स्त्रियांमध्ये तपासायचं ठरलं होतं. दुष्परिणाम झाले तर पुढची वर्षं उपचार कोण करणार, असं त्यांच्या संघटनेनं विचारलं. पटेल असं उत्तर मिळालं नाही आणि सरकारनं चाचणीच थांबवली. 2005 मध्ये कॅमेरूनमध्येही असाच वाद पेटला. पुढे याच औषधावर आधारलेली गोळी प्रतिबंधासाठी उपयोगी ठरली, म्हणजे दोष औषधात नव्हता. त्यानंतर यूएनएड्स (संयुक्त राष्ट्रांची एड्सविषयक संस्था) आणि एव्हॅक (एचआयव्ही प्रतिबंधासाठी काम करणारी संस्था) यांनी 2007 मध्ये लोकसहभागाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि 2011 मध्ये ती सुधारली. ती कंटाळवाणी आहेत, तरी रुजू होण्याआधी एकदा पूर्ण वाचाच.

पहिल्या आठवड्यात विचारा, प्रोटोकॉल, म्हणजे चाचणी कशी करायची याचा लेखी आराखडा, पक्का झालाय का? झाला असेल तर चाचणीबद्दल लोकांच्या वतीनं मत देणाऱ्या तुमच्या सल्लागार समितीच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं, फार तर संमतिपत्राची भाषा. खरे प्रश्न आधीचे असतात. गरोदर स्त्रिया आणि अठरा वर्षांखालच्या मुली चाचणीत असणार का? कुणाला लागण झालीच तर उपचार कुठे? औषध लागू पडलं तर चाचणी संपल्यावर इथल्या लोकांना ते मिळणार का? वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनच्या दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत 16-17 वर्षांच्या मुलीही होत्या, आणि गरोदर राहिलेल्या स्त्रियांना बाहेर काढलं नाही. 2024 मध्ये निकाल आला: इंजेक्शन घेणाऱ्या 2,134 जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही.

समितीत कोण बसतं यावर सगळं अवलंबून आहे. डॉक्टर, शिक्षक, संस्थाचालक सहज मिळतात, आणि बैठकीत तेच बोलतात. ज्यांच्यावर औषध तपासायचं ते रात्री काम करत असतील तर सकाळी अकराची बैठक कशासाठी? प्रवासखर्च त्याच दिवशी हातात द्या. मागच्या वेळी त्यांनी जे सुचवलं त्याचं काय झालं, हे बैठकीच्या सुरुवातीलाच सांगा. नकार मिळाला असेल तर कारणासकट. हे टाळलं की माणसं यायची बंद होतात, आणि का ते सांगतही नाहीत.

अफवांची वही ठेवा, हा माझा आवडता सल्ला. 'रक्त विकतात', 'इंजेक्शनमधूनच एचआयव्ही होतो'. प्रत्येक अफवेखाली खरी काळजी असते. चाचणीतली लस घेतलेल्या काहींच्या शरीरात अँटिबॉडी तयार होतात आणि लागण नसतानाही एचआयव्हीची नेहमीची तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. दुसरी अफवा कुठून येते ते यावरून कळेल. अशा सहभागींना दाखवायला ओळखपत्र आणि खरी लागण ओळखणारी वेगळी तपासणी मिळते ना, याची खात्री तुम्ही करायची.

लोक तोंडावर 'हो' म्हणतात, त्यावर विसंबू नका. एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या आणि जेल तपासणाऱ्या व्हॉइस या चाचणीत पाच हजारांहून अधिक आफ्रिकी स्त्रिया होत्या. गोळ्या-जेल नियमित वापरतो असं बहुतेकींनी सांगितलं. रक्तात मात्र औषध तीस टक्के किंवा त्याहून कमीच नमुन्यांत सापडलं. नंतरच्या मुलाखतींत कारणं निघाली: दुष्परिणामांची भीती, आणि डबी दिसली तर घरचे आपल्यालाच एचआयव्ही आहे समजतील ही धास्ती. या गोष्टी दवाखान्याच्या टेबलापलीकडून कळत नाहीत. संमतीच्या वेळीही 'समजलं का?' विचारू नका, 'प्लासिबो म्हणजे काय, तुमच्या शब्दांत सांगा' म्हणा. प्लासिबो म्हणजे औषध नसलेली, तुलनेसाठी दिलेली मात्रा; पण आपल्याला खरी लस मिळालीय आणि आपण सुरक्षित आहोत असं समजून निरोध सोडणारी माणसं तिथेच सापडतात.

गोपनीयतेबद्दल एकच: सहभागी रस्त्यात दिसली तर ओळख तिनं दाखवायची, तुम्ही नाही.

चाचणी मध्येच थांबू शकते, याची तयारी पहिल्या दिवसापासून हवी. दक्षिण आफ्रिकेतली एचव्हीटीएन 702 ही लसचाचणी फेब्रुवारी 2020 मध्ये थांबवली. लस घेतलेल्यांत 129 आणि प्लासिबो गटात 123 जणांना लागण झाली होती. लागण लसीमुळे झाली असं नाही, लस नुसती उपयोगाची ठरली नाही, हा फरक बातमीच्या मथळ्यात हरवतो. म्हणून सोप्या भाषेतला मजकूर आधीच लिहून समितीकडून तपासून घ्या, फोन कुणी कुणाला करायचे ती यादी तयार ठेवा, आणि सहभागींना बातमी वर्तमानपत्राआधी कळेल असं वेळापत्रक प्रायोजकाकडून लेखी घ्या.