फेझंटची टेरीन करताय? चरबी कमी करू नका

फ्रान्समध्ये सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा सीझन असतो, तेव्हा सोलोन्यसारख्या जंगली भागात घरोघरी फेझंटची टेरीन होते, म्हणजे दळलेलं मांस खोल भांड्यात शिजवून, थंड करून काप कापून खायचा पदार्थ. फेझंट म्हणजे आपल्या तितराच्याच कुळातला पक्षी, मांस एकदम कोरडं, चरबी जवळपास नाहीच, म्हणून डुकराचं चरबीवालं मांस घालावंच लागतं, नाहीतर भुसा खाल्ल्यासारखं लागेल.

एका पक्ष्याचं साधारण 500 ग्रॅम मांस निघतं. शिकारीचा असेल तर आधी बोटांनी चाचपून छर्रे काढा, शिशाचे असू शकतात, हे अजिबात टाळू नका. छातीच्या लांब पट्ट्या कापून थोड्या कोन्याकमध्ये (फ्रेंच ब्रँडी) रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. बाकीचं मांस, 400 ग्रॅम डुकराचं गळ्याचं मांस आणि 150 ग्रॅम चिकन लिव्हर थंडगार असतानाच जाडसर दळून घ्या. त्यात एक अंडं, 18 ग्रॅम मीठ (वजन करूनच हं, अंदाजाने नको), मिरी, जायफळ, लवंग, सुंठ, चार ज्युनिपर बेरी (जिनला वास देणारी छोटी काळी फळं) ठेचून आणि मूठभर पिस्ते. चिमूटभर मिश्रण तव्यावर भाजून चव बघा, कच्चं चाखू नका. ही थंड खायची गोष्ट आहे आणि थंड झाल्यावर मीठ कमी जाणवतं, त्यामुळे आत्ता किंचित खारट वाटलं तरी चालेल.

खोल भांड्याला आतून चरबीचे पातळ काप लावा, अर्धं मिश्रण, मग पट्ट्या, मग उरलेलं, वर थाइम (ओव्यासारख्या वासाची पानं). झाकण लावून गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवा आणि ओव्हनमध्ये 160 डिग्रीला दीड तास. पण घड्याळापेक्षा थर्मामीटर बघा, मधोमध 75 डिग्री आलं की झालं. कोमट झाल्यावर वर किलोभर वजन ठेवून दाबा, म्हणजे काप सुटत नाहीत. मग दोन दिवस फ्रीज. लगेच कापलीत तर चव अर्धवटच लागेल.

आता पोषणाचं. "रानातलं मांस, हेल्दी" म्हणतात ते नुसत्या पक्ष्याचं खरं आहे, बिनकातडीच्या 100 ग्रॅम कच्च्या मांसात 23-24 ग्रॅम प्रोटीन, चरबी 4 ग्रॅमच्या आत, सुमारे 130 कॅलरी. टेरीन झाली की कॅलरी साधारण दुप्पट, आणि 100 ग्रॅममागे पावणेदोन ग्रॅमच्या आसपास मीठ! लोह आणि बी12 मात्र भरपूर. म्हणून बोटभर जाडीचा एकच काप, सोबत गावठी ब्रेड आणि आंबट कोर्निशों काकड्या. लिव्हरमधल्या व्हिटॅमिन ए मुळे गरोदर बायकांनी नकोच.